गायीच्या नावानं विचारलेलं

छावणीचं उद्घाटन दोनदा झालं. पहिल्यांदा संस्थेच्या अध्यक्षांनी फीत कापली तेव्हा फोटोवाला पोचला नव्हता. तो आल्यावर फितीला गाठ मारून ती परत बांधली, आत घेतलेली जनावरं बाहेर काढली आणि अध्यक्षांनी त्याच गंभीर चेहऱ्यानं पुन्हा कात्री चालवली. पूजेसाठी उभ्या केलेल्या गायीनं मधल्या वेळात गळ्यातला झेंडूचा हार खाऊन टाकला. त्या साली तिला मिळालेला तो पहिला ओला घास असावा.

जागा म्हणजे केज तालुक्यातलं, नांदूरघाटकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक उघडं माळरान. आदल्या पावसाळ्यात पाऊस पेरणीपुरता पडला आणि गेला. विहिरींनी दिवाळीला तळ दाखवला. फाल्गुनात तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेनं चारा छावणी घातली आणि आसपासच्या गावांतली जनावरं माणसांसकट तिथं येऊन राहिली. एका दावणीशेजारी एक चूल, एक बाज, वर साडी किंवा ताडपत्रीचं छप्पर. छावणी जनावरांसाठी होती, त्यामुळे पेंड आणि चारा जनावरांना मिळे. माणसांनी आपापलं बघायचं होतं.

उद्घाटनाच्या भाषणात अध्यक्षांनी माझी ओळख ‘आपले डॉक्टरसाहेब’ अशी करून दिली. मी डॉक्टर नव्हतो. मी पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे लस टोचणारा, कानात बिल्ला मारणारा, कुणाचं जनावर मेलं तर तसं लिहून ठेवणारा. खरे डॉक्टर तालुक्याला बसत आणि आठवड्यातून एकदा सहीपुरते येत. लोकांनी मला ‘ढोराचा डाक्टर’ म्हणणं ही जुनीच सवय होती. अध्यक्षांचं कारण वेगळं होतं. त्यांच्या व्यासपीठावर साधा माणूस बसलेला त्यांना शोभत नसे. मी दुरुस्ती केली नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही किंचित मान झुकवली.

प्रश्नांना सुरुवात झाली ती एका मेलेल्या गायीपासून. लाल कंधारी, चांगल्या हाडापेराची. चार दिवस खात नव्हती, पुढचे पाय फाकवून उभी राहायची, पाचव्या दिवशी सकाळी गेली. छावणीमागच्या खड्ड्याजवळ मी तिचं पोट फाडलं. आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा एक घट्ट गोळा निघाला, सुतळी निघाली, लहान मुलाच्या चपलेचा अंगठा निघाला. आणि काळजाच्या पिशवीत अर्ध्यावर रुतलेला एक खिळा. तोवर माझ्याभोवती पन्नासएक माणसं जमली होती, नाकाला उपरणं लावून.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, “खिळा खाल्ला तर पोटात ऱ्हायचा. काळजाला कसा गेला? पोटातून काळजाला वाट हाय का?”

वाट नाही, मी सांगितलं. पण गायीच्या पोटाचे चार भाग, त्यातला दुसरा जाळीसारखा. जड वस्तू तिथंच पडते. त्या जाळीच्या पुढं एक पातळ पडदा आणि पडद्यापलीकडे चार बोटांवर हृदय. गाय श्वास घेते तसा खिळा रोज केसभर पुढं सरकतो. मी बोट घालून दाखवलं. लोक वाकून बघत होते. कुणाच्या तरी तोंडून ‘अगं आई’ निघालं.

त्या दिवसापासून दुपारी टँकर येऊन गेला की हौदाजवळच्या बाभळीखाली माणसं जमू लागली. काम काहीच नव्हतं. ढग बघून झाले की करायला उरतच काय होतं!

“डाक्टर, म्हशीला घाम कावून येत न्हाई?”

“येतो, पण थोडा. म्हणून ती डबक्यात बसते.”

“आन डबकं न्हाई मंग?”

“मग तिनं अध्यक्षांकडे अर्ज करावा.”

“बैल रवंथ करतो, मानसाला कावून येत न्हाई?” एकानं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा म्हणाला, “येतं की बे. तुझी सासू धा वर्सं तेवढीच एक गोष्ट चघळती.”

उचकी का लागते हे मी एकदा सांगितलं. छाती आणि पोट यांच्यामधला तो पडदा अचानक आकसतो, म्हणून. कुणी आठवण काढतं म्हणून नाही. तेव्हा तोच खिळ्याचा म्हातारा पुढं सरकून बसला. मग म्हणाला, “म्हातारी गेल्यापसनं मला दिवस मावळताना उचकी लागती. ती बी पडद्याचीच का?” सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, पाणी घोट घोट प्यावं. हे उत्तर बरोबर होतं, आणि ते दिल्याचं मला अजून बरं वाटत नाही.

मला हे सगळं कुठून येत होतं, ते सांगायला हवं. पदविकेचं शिक्षण होतंच. पण त्याआधी घरात माझे आजोबा होते. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. त्याआधी गावातलं मेलेलं जनावर ओढायचं, सोलायचं, हे आजोबांच्या वाट्याला पिढीजात आलेलं काम. धर्म बदलला त्या दिवशी त्यांनी सुरी टाकली आणि पुन्हा कधी तो विषयही काढला नाही. गावाची जनावरं तीन-तीन दिवस वेशीबाहेर फुगून पडली, गावानं आमचं पाणी तोडलं, तरी नाही. मी पदविकेला असताना सुट्टीत शरीररचनेचं पुस्तक घरी आणलं होतं. गायीच्या पोटाचं चित्र उघडं पडलेलं. आजोबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी चित्राकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “हे उलटं छापलंय. मोठं पोट डाव्या अंगाला असतं.” खरंच, छपाईत चित्र फिरलं होतं. वर्गात ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, शिकवणाऱ्यांच्याही नाही. मी काही विचारायच्या आत ते उठले आणि बाहेर जाऊन हात धुऊ लागले. बराच वेळ धूत होते.

तर छावणीत माझ्या शब्दाला मान होता. मान असूनही चहा मात्र मला वेगळ्या कपात मिळे. पुढे कागदी कप आले आणि हा प्रश्न सामाजिक परिवर्तनाशिवाय मिटला.

बायका पुरुषांच्या मागं, हौदाच्या कडेला बसत. पहिले पंधरा दिवस एकीनंही काही विचारलं नाही. मग एक आजीबाई म्हणाल्या, “माझ्या म्हशीचे गुडघे उठताना कडकड वाजत्यात. काय करावं?”

त्यांच्या नावावर छावणीत दोन शेरडं होती. मी म्हणालो, “आजी, म्हैस कुठंय?”

बायकांमध्ये हसू पसरलं. आजीबाई चिडून म्हणाल्या, “म्हैस हाय असं समजून सांगा की! लई चौकशा तुमच्या.”

तेव्हा मला ही रीत कळली. बाईनं आपल्या अंगाचं पुरुषाला, तेही चारचौघांत, विचारायचं नसतं. गायी-म्हशीचं विचारायला हरकत नाही. मग विचारणं वाढलं. गायीला विल्यापासून चक्कर येते. कालवड वयात आली तरी माजावर येत नाही. म्हशीच्या अंगावरून पांढरं जातं. मी गायीचं उत्तर द्यायचो आणि जी ती आपापल्यापुरतं त्यातून उचलून न्यायची. दोघांच्याही सोयीचं होतं. त्यांची अब्रू झाकली जायची आणि माझं अज्ञान. कारण गाय मला येत होती, बाई येत नव्हती.

दोन जावा नेहमी शेजारी शेजारी बसत. थोरली सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, दोन लेकरांची आई. धाकटी तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान आणि कशालाही हसणारी. थोरली आणि तिचा नवरा दरवर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जात. धाकटी आपल्या नवऱ्याच्या जोडीनं कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला. छावणीत त्यांच्या दावणीला दोन बैल होते. गाय नव्हती. हे मला पाठ होतं, कारण त्या बैलांच्या कानात बिल्ले मीच मारले होते आणि मारताना थोरलीनं बैलाचे डोळे आपल्या पदरानं झाकले होते.

आषाढात एके दुपारी अध्यक्ष पाहुणे घेऊन आले. जिल्ह्याच्या ठिकाणचे कुणी अधिकारी, कुठल्याशा महासंघाचे पदाधिकारी, बरोबर फोटोवाला, या खेपेला वेळेवर. बाभळीखाली खुर्च्या मांडल्या, खुर्च्यांवर पांढरे टॉवेल टाकले. अध्यक्ष म्हणाले, “आमच्या छावणीत नुसता चारा न्हाई, रोज ज्ञानसत्र चालतं.” ज्ञानसत्र हे नाव आम्हाला सगळ्यांना तेव्हाच कळलं. मला पुढं बोलावलं. असल्या थाटामाटाची मी घरी बसून भरपूर टिंगल करतो. त्या दिवशी मात्र निरोप सकाळीच आला होता आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

पुरुषांनी ठरल्यासारखे चार प्रश्न विचारले. मग अध्यक्षांनी हात पसरून सांगितलं, “महिला भगिनींनीही विचारावं. लाजू नये.” बायका जमिनीकडे बघत बसल्या. पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. तेवढ्यात थोरली उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

“गायीची पिशवी काढून टाकली,” ती म्हणाली, “तर ती गाडा वढंल का?”

पाहुणे हसले. गाय कुठं गाडा ओढते, हे शहरातल्या माणसालाही ठाऊक असतं. धाकटीही हसली. बाकी एकही बाई हसली नाही. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं, असं मी आज लिहू शकतो, आणि ते खरंच आहे. गाय नव्हती. गाडा होता. दसऱ्यानंतर मुकादम येणार होता. ऊसतोडीच्या बायका गर्भाची पिशवी काढून घेतात हे मी ऐकून होतो. तोडीत महिन्याचे चार दिवस आडवे येतात, खाडा पडतो, म्हणून. कंबर दुखते, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की काही ठिकाणी तोच एक उपाय सांगतात, हेही.

पण माझ्यासमोर पांढरे टॉवेल होते. प्रश्न गायीचा होता आणि मी गायीचं उत्तर द्यायला उभा होतो.

मी छान सांगितलं. गायीची पिशवी मेंढ्याच्या शिंगांसारखी दोन्हीकडे वळलेली असते. कधी विताना उलटी होऊन बाहेर येते. मग आम्ही ती धुतो, साखर लावतो, साखरेनं सूज उतरते, आणि मुठीनं आत ढकलतो. सडली असेल तर कापावी लागते. कापली तरी गाय जगते, चरते, चालते. “पिशवी म्हणजे वासराची खोली,” मी म्हणालो. “वासरू नको असेल तर खोली बंद राहिली काय, पाडून टाकली काय, बाकीचं घर चालतंच.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी पाहुण्यांकडे असं पाहिलं, जणू मला आपणच घडवलं होतं.

ती अजून उभीच होती. “मंग दुसरं काय बिघडत न्हाई?”

“काही नाही,” मी म्हणालो.

ती खाली बसली. लोक चहाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाळ-खुरकतीची लस टोचत मी त्यांच्या दावणीपाशी आलो. बैलांजवळ दोघी जावांची सासू होती, पाचटाच्या पेंढ्या सोडत.

“थोरली कुठंय?”

“तालुक्याला गेलीय. पिशवी काढाया.”

“कुणी सांगितलं?”

“दवाखान्यात गेल्या म्हैन्यातच सांगितलंय, पिशवी सुजलीय म्हनून. ती भेत व्हती. काढल्यावर वझं उचलंल का न्हाई, ह्याची लई भीती. काल तुमी चारचौघांत सांगितलं, मंग गेली भीती.” सासू पुढं म्हणाली, “बरं झालं बाबा. आमचं कोन ऐकत न्हाई.”

तालुक्याला जाणारी बस साडेनऊला होती. मी लशीची पेटी बंद केली, मग उघडली. राहिलेल्या जनावरांची यादी पाहिली. आपण कोण, आपल्याला काय अधिकार, तिकडे माणसांचा डॉक्टर आहे, आपण ढोराचे, तेही डॉक्टर नाही. एरवी कधी न आठवणारा माझा खरा हुद्दा त्या दिवशी मला फार नीट आठवला. बस रस्त्यावर थांबली, दोन माणसं चढली आणि ती गेली. मी पुढच्या दावणीला गेलो.

बारा-तेरा दिवसांनी ती छावणीत परतली. चेहरा कोरड्या मातीच्या रंगाचा झाला होता. बाभळीखाली ती आली नाही. मी दावणीजवळून जाताना तिनंच हाक मारली. एक हात बैलाच्या पाठीवर टाकून उभी होती.

“दादा, एक विचारू? तिथं आता काय हाय?”

मला कळलं नाही असं मी दाखवलं नाही. म्हणालो, “आतडी खाली सरकतात. जागा भरून जाते. अंगात रिकामी जागा राहत नाही.”

“मंग मला रिकामं कावून वाटतं?”

मी बैलाच्या कानातला बिल्ला सरळ केला.

“काढल्यावर पितळीत घालून नवऱ्याला दाखवली म्हनं. मला न्हाई दाखवली,” ती म्हणाली. “कशी असती? तुमी सांगितली तशी, शिंगावानी?”

“नाही. ती गायीची. बाईची लहान असते. उलट्या पेरूसारखी.”

“एवढीच?” ती म्हणाली, आणि आपल्या मुठीकडे बघत राहिली.

त्या साली आणि पुढंही मी बरीच जनावरं फाडली. पोटातून एखादा अवयव उचलून बाजूला ठेवला की उरलेली आतडी सावकाश त्या जागेत उतरतात. त्या सरकण्याला एक ओलसर, हळू आवाज असतो, कुणीतरी कूस बदलल्यासारखा. इतकी वर्षं मी तो ऐकला होता आणि कधी ऐकला नव्हता. आता पोट फाडताना मी मोठ्यानं बोलू लागलो. बघणाऱ्यांना वाटे, डाक्टर समजावून सांगायला लागले. मला फक्त तो आवाज नको होता.

दिवाळीनंतर ती ऊस तोडायला गेली. मोळ्या उचलायला.

मधल्या काळात मी अंबाजोगाईला गेलो. तिथं मेडिकल कॉलेजची मुलं शिकून झालं की पुस्तकं विकून जातात. रद्दीच्या दुकानात माणसाच्या शरीरक्रियेचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, पानोपानी कुणीतरी पेन्सिलीनं रेघा ओढलेल्या. ज्या प्रकरणासाठी मी ते घेतलं, त्यात एकही रेघ नव्हती. पिशवीच्या दोन्ही अंगांना बदामाएवढ्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्यातून जे रक्तात झिरपतं ते बाईची हाडं टिकवतं, झोप टिकवतं, अंगातली ऊब ताळ्यावर ठेवतं. पिशवीबरोबर त्याही काढल्या, तर अठ्ठाविसाव्या वर्षी अंग पन्नाशीच्या पुढं जातं.

यात मला नवीन काय होतं? सांडाचा बैल केला की त्याची मान कशी उतरते, चाल कशी बदलते, डोळ्यांतला जाळ कसा विझतो, हे छावणीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी स्वतः शेकडो बैल केले होते. तेवढं ज्ञान वीतभर पुढं न्यायचं होतं. मी नेलं नाही, कारण त्या दुपारी घराची उपमा फार झकास जमली होती.

दुसऱ्या वर्षीही पाऊस झाला नाही. छावणी पुन्हा उघडली, फीत पुन्हा कापली, यंदा एकदाच. वैशाखात तोडीवरून माणसं परतली. थोरली आली तेव्हा मी तिला चालीवरून ओळखलं नाही. कंबरेत वाकली होती. बैल मात्र बरे दिसत होते.

त्याच आठवड्यात ती बाभळीखाली आली. धाकटीचा हात धरून तिनं तिला पुढं बसवलं, आणि स्वतः उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, “दादा, मला वाफा येत्यात. पहाटं थंडीत फडात उभी असले तरी अंगातून आग निघती, कपडे भिजत्यात. गुडघ्यात मुंग्या. रात रात डोळा लागत न्हाई. कावून?”

गाय नव्हती, म्हैस नव्हती. पुरुषांनी माना दुसरीकडे वळवल्या. एक बाई हळूच म्हणाली, “अगं, गायीचं म्हन की.”

“गाय कुठंय माझ्याकडं?” थोरली म्हणाली.

तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. दवाखान्यातून निघताना दिलेला, इंग्रजी, घाईच्या अक्षरातला. मी वाचला. मग पुन्हा वाचला, कारण तेवढा वेळ गप्प राहता येत होतं. पिशवी काढली, असं त्यात होतं. दोन्ही बाजूंच्या ग्रंथीही काढल्या, असंही होतं.

मी खाली बसलो. उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. पिशवीच्या शेजारच्या दोन बदामांचं सांगितलं. त्यांचं काम सांगितलं. गेल्या साली मी हे सांगितलं नाही, हेही सांगितलं. ते गेले की काय होतं, हे समजावायला मला एकच उदाहरण येत होतं आणि ते सगळ्यांना येत होतं. “सांडाचा बैल करताना आपण जे निकामी करतो,” मी म्हणालो, “तसंच बाईचं ते.”

कुणीतरी खोकलं. थोरली आपल्या दावणीकडे बघत होती. दोन्ही बैल शांत उभे होते, रवंथ करत.

“म्हंजे मला बैल केलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. बैलाचं वजन सांगावं तसं म्हणाली.

मग तिनं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. “हिची पिशवी सोमवारी काढायची हाय. त्याच दवाखान्यात. हिला बी पांढरं जातं, कंबर दुखती. हिला सांगा काय करायचं ते. गायीचं नगा सांगू.”

धाकटी या वेळी हसली नाही. सासू मागून कडाडली, “उगं पोरींच्या मनात काय बी भरू नका! तोडीत चार दिवस ही बाजूला बसली तर मोळी कोन उचलील? तुमी येता का?”

मी मोळी उचलायला जाणार नव्हतो, हे तिलाही ठाऊक होतं. पण मला आता जे येत नव्हतं ते येत नाही म्हणायची शुद्ध आली होती. “हिचा आजार मला कळत नाही,” मी म्हणालो. “मी बाईचा डॉक्टर नाही. जनावरांचाही डॉक्टर नाही. पण डॉक्टरला काय विचारायचं, ते मला लिहून देता येतं.”

लसीकरणाच्या छापील कागदामागं मी मोठ्या अक्षरात लिहिलं. आजार नक्की काय आहे? औषधानं बरा होतो का? काढायचं असेल तर काय काढणार, काय ठेवणार, आणि का? धाकटी सातवीपर्यंत शिकलेली होती. तिनं तिथंच बोट ठेवून ते दोनदा वाचलं.

सोमवारी दोघी जावा साडेनऊच्या बसनं गेल्या. सासू गेली नाही. थोरलीनं तिला येऊ दिलं नाही, असं नंतर कळलं. दुपारच्या बसनं दोघी परत आल्या. दवाखान्यात धाकटीनं कागद पुढं केला. डॉक्टरनं तो वाचला, कुणी लिहून दिला म्हणून विचारलं, आणि ज्यानं लिहिला त्याच्याकडूनच इलाज करून घ्या, असं म्हणून त्यांना उठवलं. अपमान तर खराच. पण धाकटी आपल्या पायांनी बाहेर आली.

दोन दिवसांनी थोरली तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. रांगेत दिवस गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, आत जंतू झाले आहेत म्हणाल्या, पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. नवऱ्यालाही दिल्या. त्यावरून घरात बरीच खडाजंगी झाली, ती अर्ध्या छावणीनं ऐकली. धाकटीनं उभं राहून नवऱ्याला गोळ्या गिळायला लावल्या.

ज्येष्ठ संपता संपता धाकटी बरी झाली. हौदावर भांडी घासताना तिचं हसू मला लांबून ऐकू आलं. मी बैलांच्या खुरांना औषध लावत होतो, थोरलीच्याच दावणीला. ती बैलाचा पाय धरून होती. तिनंही हसू ऐकलं.

“हिला बरं वाटतंय,” ती म्हणाली.

“हो.”

“पंधरा दिवसाच्या गोळ्या.”

“हो.”

तिनं बैलाचा पाय खाली ठेवला, दुसरा उचलला. मी औषध लावत राहिलो. दुसऱ्या पायाचं औषध लावून होत आलं तेव्हा मला वाटलं, आता नाही विचारणार.

“माझं बी तेच व्हतं का, दादा?”

तिचा आजार काय होता, हे त्या कागदावर नव्हतं. म्हणून मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

“बहुतेक,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. औषध वाळेपर्यंत पाय हलू नये म्हणून बैलाचं खूर तिनं आपल्या मांडीवर घेतलं होतं, ते तसंच धरून ठेवलं, वाळल्यावरही.